'मला हसू आलं' यात कर्ता कोण?

प्रश्न असा आहे की 'येणारं कोण?' असं विचारलं तर उत्तर 'हसू' मिळतं, पण हसले तर मी, मग कर्ता हसू कसा? शंका अगदी रास्त आहे.

'कर्ता हसू' हे शाळेतलं उत्तर चूक नाहीये. हसू आलं, राग आला, झोप आली, क्रियापद त्या नामाप्रमाणेच बदलतं, 'मला' आहे तिथेच. पाणिनीनेही संस्कृतातल्या 'रोचते' (आवडतं) सारख्या धातूंबरोबर ज्याला आवडतं त्याला संप्रदान, म्हणजे 'ज्याला द्यायचं तो' या गटातला म्हटलंय (अष्टाध्यायी १.४.३३), कर्ता नाही.

पण आता हे बघा: 'गोष्ट ऐकून मीराला हसू आलं.' ऐकलं कोणी? हसूने नाही, मीराने! हे 'ऊन'वालं रूप एरवी कर्त्याला धरून असतं आणि इथे ते सरळ 'मीराला'कडे जातं. तसंच 'मीराला आपली बहीण आठवली' यात आपली म्हणजे मीराची, पण उलटं करून 'आपल्या बहिणीला मीरा आठवली' म्हणा, लगेच ती बहीण मीराची राहत नाही, बोलणाऱ्यांची होते. म्हणजे क्रियापदाचं लिंग-वचन हसूकडे आणि बाकीचा कर्त्याचा मान मीराकडे, अशी वाटणी आहे आणि मला तरी हेच उत्तर पटतं.

कन्नडमध्ये तर हेच वाक्य शब्दाला शब्द जुळतं: 'कथे केळि अवळिगे नगु बंतु', गोष्ट ऐकून तिला हसू आलं. तमिळमध्ये 'एनक्कु पसिक्किरदु', म्हणजे मला भूक लागलीये, पण त्यात भूक हे वेगळं नामच नाही, नुसतं क्रियापद, आपल्या 'मला मळमळतंय'सारखं. (बंगालीत 'ला'च्या जागी 'चा' येतो, 'आमार खिदे पेयेछे'.)

यावरून ही रचना कन्नडमधूनच आली असं सरसकट म्हणू नये, संस्कृतात 'मह्यं रोचते' होतंच. आणि सगळंच सारखं आहे असंही नाही, भूतकाळात वाटा वेगळ्या होतात. मराठीत मीराने कविता वाचली, मीराने लेख वाचला, क्रियापद कर्माच्या मागे. कन्नडमध्ये मात्र मीरा कविते 'ओदिदळु' आणि रवी कविते 'ओदिदनु', तिथे 'ने' नाहीच, वाचणारी बाई की पुरुष ते क्रियापदच सांगतं.