फ्लास्कमध्ये डेकोरेटर लावूनही ॲडमिनचं पान लॉगिनशिवाय का उघडतं?

तुम्ही लिहिलंय की फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये ‘ॲडमिन_रिक्वायर्ड’ हा तुमचा डेकोरेटर (फंक्शनच्या वर लिहिलेली, त्याला तपासणीसारखं जादा काम जोडणारी ओळ) राउटच्या, म्हणजे पानाचा पत्ता फंक्शनला जोडणाऱ्या फ्लास्कच्या डेकोरेटरच्या, खाली लावला तर दुसऱ्या पानापाशी असर्शन एरर येत होता, म्हणून तो राउटच्या वर नेला. एरर गेला, पण आता कोणीही लॉगिन न करता पान उघडू शकतो. साइट लाइव्ह असेल तर ती थोडा वेळ बंद ठेवा आणि मगच पुढचं वाचा.

डेकोरेटर खालून वर लागतात, म्हणजे फंक्शनला चिकटून असलेला आधी. फ्लास्कचा राउट फंक्शनला गुंडाळत नाही. हातात आलेलं फंक्शन तो त्या पत्त्यासाठी नोंदवतो आणि जसंच्या तसं परत देतो. तुमचा डेकोरेटर वर असला की राउटच्या हाती उघडं फंक्शन पडतं आणि तेच नोंदलं जातं. नंतर तुमचा डेकोरेटर त्याभोवती तपासणी बांधतो खरा, पण ते बांधलेलं फंक्शन फ्लास्क कधी बोलावतच नाही. ना एरर, ना लॉगमध्ये इशारा. कोड तपासणाऱ्याला डेकोरेटर दिसतो आणि तो निश्चिंत होतो, म्हणून ही चूक फार दिवस लपून राहू शकते. राउट नेहमी सर्वांत वर हवा.

आता मूळ एररकडे. एंडपॉइंटचं, म्हणजे फ्लास्कच्या नोंदीतलं त्या पानाचं, नाव वेगळं दिलं नसेल तर फ्लास्क ते फंक्शनच्या नावावरून घेतो. तुमच्या डेकोरेटरमधलं आतलं फंक्शन ‘रॅपर’ नावाचं असेल, तर त्यातून गेलेलं प्रत्येक पान फ्लास्कच्या लेखी ‘रॅपर’च. पहिलं खपून जातं, दुसऱ्याच्या वेळी ते नाव आधीच घेतलेलं असतं, म्हणून एरर येतो. पायथनच्या फंकटूल्स मॉड्यूलमधला ‘रॅप्स’ आतल्या फंक्शनवर लावा आणि त्याला मूळ फंक्शन द्या. नाव टिकतं, एरर जातो, क्रम बदलायची गरजच उरत नाही.

तपासणी आतल्या फंक्शनमध्येच हवी, हेही पाहा. बाहेरचा भाग ॲप सुरू होताना एकदाच चालतो, तेव्हा रिक्वेस्ट नसते आणि युजरही नसतो. लॉगिनच नसेल तर ४०१ (‘आधी लॉगिन करा’ सांगणारा कोड) द्या किंवा लॉगिनच्या पानावर पाठवा. लॉगिन आहे पण अधिकार नाही, तर ४०३ (‘परवानगी नाही’). जँगो या पायथनच्या दुसऱ्या वेब फ्रेमवर्कचा ‘परमिशन_रिक्वायर्ड’ मुळात दोघांनाही लॉगिनकडे पाठवतो, ४०३ हवं तर त्याला ‘रेज_एक्सेप्शन’ ट्रू द्यावं लागतं.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. हा डेकोरेटर फक्त ‘या युजरला हे फंक्शन चालवता येईल का’ एवढंच ठरवतो. बिल क्रमांक ४१ च्या जागी पत्त्यात ४२ टाकलं तर दुसऱ्याचं बिल दिसेल का, हे त्याला माहीत नसतं, कारण तोवर डेटाबेसमधून काहीच आणलेलं नाही. ती अट क्वेरीतच घाला: बिलाचा क्रमांक हा आणि मालक म्हणजे लॉगिन असलेला युजर. काही सापडलं नाही तर सरळ ४०४ (‘सापडलं नाही’), म्हणजे ते बिल अस्तित्वात आहे हेसुद्धा कळत नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या टॉप टेन धोक्यांच्या यादीत ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल (अधिकारांची तपासणी नीट नसणं) पहिल्या क्रमांकावर आहे, आणि असा क्रमांक बदलून दुसऱ्याची माहिती बघणं त्यातच मोडतं.

शेवटी, पानं वाढली की एखाद्या पानावर डेकोरेटर लावायचा राहतोच. म्हणून उलट करा: प्रत्येक रिक्वेस्टआधी चालणाऱ्या ‘बिफोर_रिक्वेस्ट’मध्ये सगळ्यांनाच लॉगिन सक्तीचं करा आणि फक्त खुल्या पानांवर ‘पब्लिक’ अशी खूण करणारा डेकोरेटर लावा. स्टॅटिक फाइल्सचा (सीएसएस, चित्रं वगैरे) एंडपॉइंट तेवढा सोडा, नाहीतर लॉगिनचं पान सीएसएसविना दिसेल. जँगोत ५.१ पासून हीच सोय ‘लॉगिनरिक्वायर्डमिडलवेअर’ या नावाने तयार मिळते, आणि सूट द्यायला ‘लॉगिन_नॉट_रिक्वायर्ड’ आहे.

डेकोरेटर दुरुस्त झाला की एक टेस्ट लिहा. ॲपच्या ‘यूआरएल_मॅप’मधले, म्हणजे नोंदलेल्या पत्त्यांच्या यादीतले, सगळे पत्ते फिरा, प्रत्येक पत्त्यावर त्याला चालणाऱ्या मेथडने (गेट, पोस्ट वगैरे) टेस्ट क्लायंटमधून, म्हणजे ब्राउझरविना रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फ्लास्कच्या साधनातून, लॉगिनशिवाय रिक्वेस्ट पाठवा, आणि खुल्या यादीबाहेरच्या एखाद्याने २०० (‘पान ठीक मिळालं’) दिलं तर टेस्ट नापास करा. आज तुमची किती पानं उघडी आहेत, हे ती पहिल्याच वेळी दाखवेल.