'कादंबरी मला वाचवली नाही' हे चूक आहे का?

प्रश्न असा आहे: "दिवाळीपासून चार पुस्तकं वाचून झाली, पाचवी साडेसहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी मात्र मला वाचवली नाही, असं मी बहिणीला लिहिलं, तर मुलगा म्हणतो आई, कुणापासून वाचवायची होती? 'वाचू शकले नाही' असं लिहायला हवं होतं का?"

अजिबात नाही हो ताई, तुमचं वाक्य चोख आहे. शाळेत शक्य क्रियापद शिकवायचे बघा, 'आजीला आता जिना चढवत नाही', 'एवढं तिखट मला खाववत नाही', त्यातलंच हे. यात माणसाला 'ला' लागतो, क्रियापद कर्माच्या मागे जातं, म्हणून कादंबरी वाचवली नाही, पुस्तक वाचवलं नाही. मुलाच्या डोक्यात आलं ते जीव वाचवणं, त्यात वाचवणाऱ्याला भूतकाळात 'ने' लागतो, 'त्याने मला वाचवलं'. रूप सारखं दिसतं म्हणून कोटी झाली, आणि कोटी बरी आहे पोराची!

आणि 'वाचू शकले नाही' लिहिलं असतंत तर वेगळंच कळलं असतं. माझंच सांगतो, मागच्या महिन्यात लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली, पहिलं हातात घेतलं तर चष्म्याची दांडी तुटली, चार दिवस दुकानात, पुस्तक तसंच परत गेलं, ते मला 'वाचता आलं नाही'. दुसरं फाळणीच्या आठवणींचं. लिहिलंय उत्तम, पण साठेक पानांनंतर आगगाडीच्या डब्यातला एक प्रसंग आला आणि पुढे वाचवेना. चष्मा होता, वेळ होता, डोळे ओळीवर होते, मनच पुढे जाईना. हे 'शकलो नाही'मध्ये येत नाही.

फक्त एक आहे, रटाळ पुस्तकही वाचवत नाही आणि अंगावर येणारंही वाचवत नाही, नुसत्या क्रियापदावरून बहिणीला पत्ता लागायचा नाही की कादंबरी टुकार होती की तुम्हाला सोसली नाही. तेवढं एका शब्दात जोडा, 'वर्णनांच्या पाल्हाळामुळे वाचवली नाही' वगैरे.

जाता जाता, 'वाचाल तर वाचाल'मधले दोन 'वाचाल' एकाच धातूचे नाहीत. पुस्तक वाचणं संस्कृत 'वाच्'कडे, म्हणजे बोलण्याकडे जातं, आणि संकटातून वाचणं 'वञ्च्'कडे. म्हणून जुन्या छापील पुस्तकांत दुसऱ्यावर टिंब असायचं, 'वांचणें'. तुझ्यावाचूनमधलं 'वाचून'सुद्धा तेव्हा 'वांचून'च. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, आणि दोघं दिसायला जुळे झाले. बायकांची तर अजून पंचाईत, नुसतं 'मी वाचले' असं लिहिलं तर बाई अपघातातून सुटली की पुस्तक वाचून झालं, पुढचं वाक्य येईपर्यंत कळत नाही. बोलताना आपण 'मी वाचलं' म्हणतो म्हणून निभावतं.

मुलाला सांगा, आईला कादंबरी वाचवली नाही, पण कादंबरीपासून आई वाचली. बघू आता काय म्हणतो ते.