विमानप्रवासाचा वेळ काढताना

विमानप्रवासाला किती वेळ लागतो हे काढायची सुरुवात छान केलीस, फक्त सुटण्याच्या आणि उतरण्याच्या घड्याळातल्या वेळा थेट वजा करू नकोस. नवखे हमखास इथेच चुकतात. मुंबईहून दुपारी १ ला सुटलेलं विमान लंडनला तिथल्या संध्याकाळी ५:३० ला उतरलं, तर प्रवास साडेचार तासांचा नाही. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे १० तास झाले. उन्हाळ्यात हा फरक साडेचार तास धरायचा.

अंतर सुमारे ७,२०० किमी. ताशी ९०० ने भागलंस तर ८ तास येतात, पण जाताना पश्चिमेचा वारा समोरून लागतो, शिवाय धावपट्टीपाशी रांग असतेच. परतताना तोच वारा पाठीशी.

आणि अंतर मोजायला सपाट नकाशावर पट्टी लावू नकोस. पृथ्वीगोल घे, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर, आणि ताणून बघ. बाकीचं गणित नंतर.