कॅथलिक हायस्कुलात पाचवीला मुलगी घालायची आहे: प्रार्थना, बक्षिसं आणि पहिल्या शुक्रवारचा तास

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी गोव्यातल्या डिचोलीकडच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून चौथी झाली आहे, जवळच्या कॅथलिक हायस्कुलात तिला पाचवीला घालायचा विचार आहे. तिथल्या व्हरांड्यातला बक्षिसांचा फलक बघून तुमचं मन तिकडे ओढ घेतंय, पण घरी सासूबाई विचारताहेत, "ती थंय वचून खुरीस करपाक शिकतली?" (तिथं जाऊन क्रूसाची खूण करायला शिकणार का?) आणि तुमची स्वतःची शंका अशी की त्या फलकावर आपल्या घरातल्या मुलीचं नाव लागण्याची आशा तरी धरावी का.

मी बार्देशातल्या अशाच एका शाळेत २७ वर्षं मराठी आणि हिंदी शिकवलं. आमच्या घरी चतुर्थीला दीड दिवसाचा गणपती असतो आणि शाळेत माझ्या वर्गाच्या भिंतीवर फळ्याच्या वर खुरीस, म्हणजे क्रूस, होता. दोन्ही जवळून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सासूबाईंचा प्रश्न. सकाळच्या असेंब्लीत प्रार्थना असते. कधी इंग्रजीत, कधी कोकणीत. कॅथलिक मुलं क्रूसाची खूण करतात, बाकीची हात जोडून किंवा नुसती शांत उभी राहतात. माझ्या सगळ्या नोकरीत कुणी हिंदू किंवा मुसलमान मुलाला "तूही कर" म्हटलेलं मी पाहिलं नाही. हा नुसता चांगुलपणाही नव्हे. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, उपासनेलाही नेता येत नाही. म्हणूनच वेळापत्रकात एकाच तासाला दोन नावं असतात: कॅथलिक मुलांना कॅटेकिझम (म्हणजे त्यांचं धर्मशिक्षण), उरलेल्यांना व्हॅल्यू एज्युकेशन. आणि कॅथलिक मुलांचंही खरं धर्मशिक्षण चालतं ते रविवारी, त्यांच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये. पाचवीत येईपर्यंत बहुतेकांचं पहिलं कुमगार (फर्स्ट होली कम्युनियन) होऊन गेलेलं असतं. तुमची मुलगी मैत्रिणींकडून नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), फेस्त (सण), मीस (चर्चमधली मुख्य उपासना) हे शब्द शिकेल, ३ डिसेंबरला गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त असतं हे तिला पाठ होईल. गोव्यात राहून हे माहीत नसणंच विचित्र.

आता फलक. दहावीच्या शंभर टक्के निकालाचा बॅनर बघून फार भारावू नका. गोवा बोर्डाचा अख्ख्या राज्याचा दहावीचा निकालच गेल्या काही वर्षांत ९० टक्क्यांच्या वर लागतोय, २०२५ साली तर तो ९५ टक्क्यांच्याही पुढे गेला. अभ्यासक्रम तोच, पेपर तोच, आणि अनुदानित शाळा असेल तर शिक्षकांचा पगारही सरकारकडूनच. त्यामुळे बॅनरवरचे टक्के बाजूला ठेवा आणि वक्तृत्व, गायन, फुटबॉल, स्काउट-गाइड यांची बक्षिसं कुणाला मिळतात ते बघा. शाळा मुलांवर किती वेळ घालवते ते तिथं कळतं. फुटबॉल किंवा ॲथलेटिक्समध्ये पुढं गेलेल्या मुलांना दहावीला खेळाचे गुणही मिळतात, तेव्हा त्या शाळेच्या मैदानावर मुली दिसतात का हेही पाहून ठेवा.

वक्तृत्वाच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या लक्षात यायला चार-पाच वर्षं गेली. स्पर्धेसाठी मुलं निवडायला बसलं की पहिली पाच नावं नेहमी कॅथलिक मुलांची निघत. मला आधी वाटलं, शिक्षकांची नजरच तशी आहे. मग एका रविवारी सहकारी शिक्षिकेच्या मुलीच्या क्रिजमासाठी (कन्फर्मेशनच्या विधीसाठी) मी इगर्जीत गेले होते, तर आमच्याच सातवीतली एक किडकिडीत मुलगी पुढं आली, मायक्रोफोन आपल्या उंचीला ओढून घेतला, भरलेल्या इगर्जीकडे एकदा बघितलं आणि बायबलमधला उतारा वाचला. वाक्य संपल्यावर थांबली, श्वास घेतला, पुढचं वाक्य. हे मूल दोन-तीन वर्षांपासून दर महिन्या-दोन महिन्यांनी दोन-तीनशे माणसांसमोर उभं राहत होतं! तिला वक्तृत्व स्पर्धेच्या स्टेजची भीती कशाला वाटेल? गाणाऱ्या मुलांचंही तसंच. इगर्जीच्या कॉयरमध्ये ती लहानपणापासून सूर लावून बसलेली असतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासून इगर्जीच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवत आले, त्याची पुण्याई अजून टिकून आहे.

म्हणजे फलकावरची निम्मी बक्षिसं शाळेत पिकतच नाहीत. ती या मुलांच्या श्रद्धेच्या जगण्यातून, रविवारच्या सवयीतून येतात. आपल्या मुलांकडेही अशा सवयी असतात, फक्त शाळेला त्या दिसत नाहीत. कुणाचे आजोबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात, कुणी जत्रेच्या नाटकात बालकृष्ण झालेला असतो, कुणी चतुर्थीला घरोघर आरत्यांना जातो. चांगली शाळा ती, जिला हे दिसतं.

आणि ते दिसतंय की नाही हे ओळखायची एक जागा मी तुम्हाला सांगते. महिन्याचा पहिला शुक्रवार. येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीचा तो दिवस, म्हणून बऱ्याच शाळांत त्या दिवशी कॅथलिक मुलांना मीसला नेतात. रांगा लावून मुलं मैदान ओलांडून इगर्जीत जातात आणि वर्गात उरतात ती आपली मुलं. आमच्याकडे माझ्या वर्गात सतरा-अठरा उरत. त्या पाऊण तासात शाळा त्यांचं काय करते, एवढं एकच बघा.

मी लागले तेव्हा आमच्या शाळेत काहीच करत नसत. दोन वर्ग एकत्र करून बसवायचे, एक टीचर समोर पेपर तपासणार, "चित्रं काढा, आवाज करू नका." मुलांना आपण मागे ठेवले गेलोत असं वाटे. तोंडानं कुणी बोललं नाही तरी चेहऱ्यावर दिसायचं. पुढं एक फादर हेडमास्तर म्हणून आले. त्यांनी पहिल्याच टर्मला मला बोलावून सांगितलं, "टीचर, माझी मुलं तिकडे देवाशी बोलतात, तुमच्याकडची मुलं तेवढा वेळ गप्प बसतात. हें सारकें न्हय." म्हणजे हे बरोबर नाही. तो तास त्यांनी माझ्याकडे दिला आणि काय शिकवायचं ते माझ्यावर सोडलं. मी प्रत्येकाला एकच काम दिलं: घरी ऐकलेली एक गोष्ट उभं राहून सांगायची. मराठीत, कोकणीत, हिंदीत, कशीही. पण टेबलाच्या मागे उभं राहून, सगळ्यांकडे बघून.

एक मुलगी तुमच्या मुलीसारखीच मराठी प्राथमिकमधून आलेली. जूनपासून ऑगस्टपर्यंत वर्गात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तिनं आजीकडून ऐकलेली ग्रामदेवतेची कथा सांगितली. सुरुवातीला ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. देवी रात्री गावाच्या शिवेवर फिरते तो भाग आला तेव्हा ओढणी सुटली आणि हात वर गेला. आठवीत असताना तिनं आंतरशालेय मराठी वक्तृत्वात पहिला नंबर आणला, आणि तो चषक हेडमास्तरांनी असेंब्लीत स्वतः तिच्या हातात दिला.

त्याच तासाला एक मुलगा बाकावर बोटं वाजवत बसायचा. मी दटावणार होते, पण ठेका इतका स्वच्छ की थांबले. घरी घुमट वाजवतो म्हणाला, चतुर्थीच्या आरत्यांना. सोमवारी टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. मातीचं मडकं, एका तोंडावर बकऱ्याचं कातडं. पूर्वी घोरपडीचं लावत, तिच्या शिकारीला बंदी आहे. कातडं सैल पडलं होतं म्हणून त्यानं ते मधल्या सुट्टीत उन्हात धरलं आणि बोटानं टिचक्या मारत तापण्याची वाट पाहिली. आमचा कॉयर शिकवणारा शिक्षक ते बघत उभा होता. त्या वर्षी वार्षिक कार्यक्रमात मांडो, म्हणजे गोव्याचा कोकणी गीत-नृत्यप्रकार, होता, आणि मांडोला घुमट लागतं हे गोव्यात कुणाला सांगायला नको. गंमत अशी की या मुलाचा हात आरतीच्या द्रुत लयीचा, आणि मांडो संथ, सहा मात्रांचा. नववीतला व्हायोलिन वाजवणारा एक कॅथलिक मुलगा रोज शाळा सुटल्यावर त्याला घेऊन बसायचा, पायानं मात्रा मोजत. पुढं २०१९ साली सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित केलं, तेव्हा मला ती दोन पोरं आठवली.

सगळं गोडच होतं असं मी म्हणणार नाही. त्या फादरांच्या आधी एकदा चतुर्थीच्या सुट्टीनंतर हातावर मेंदी असलेल्या तीन मुलींना वर्गाबाहेर उभं केलं होतं, शिस्तीच्या नावाखाली. मला ते आजही सलतं. मी तेव्हा नवीन होते, बोलले ती दुसऱ्या दिवशी, आणि एक दिवस उशिरा बोलले. दुसरी गोष्ट म्हणजे इंग्रजी स्पर्धांची बक्षिसं असेंब्लीत वाचली जात आणि मराठी संस्थांच्या स्पर्धांची राहून जात. मुद्दाम नव्हे, ते पत्रच ऑफिसात कुणी वाचत नसे. मी दर वेळी यादी स्वतः नेऊन द्यायला लागले तेव्हा वाचायला लागले. म्हणून सांगते, टिकली, मेंदी, बांगड्या यांचे नियम प्रवेशाआधी स्पष्ट विचारून घ्या. नंतर मुलीला भोगावं लागतं.

तुमच्या प्रश्नात नसलेली, पण मला सर्वांत जास्त काळजीची वाटते ती गोष्ट भाषेची. १९९० च्या धोरणानंतर सरकारी अनुदान फक्त कोकणी आणि मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना मिळायचं, म्हणून धर्मप्रांताच्या (आर्चबिशपांच्या कारभाराखालच्या) प्राथमिक शाळा कोकणी माध्यमाच्या झाल्या होत्या. त्या काळात पाचवीत सगळी मुलं एकाच वेळी इंग्रजी माध्यमात उडी घ्यायची, कॅथलिकही आणि आपलीही. सगळेच अडखळायचे, शिक्षकही सावकाश जायचे. २०११ साली इंग्रजी माध्यमाला अनुदान सुरू झालं आणि या शाळा इंग्रजीकडे वळल्या. आता पाचवीच्या वर्गात बहुतेक मुलं पहिलीपासून इंग्रजीत शिकून आलेली असतील आणि तुमची मुलगी विज्ञान, गणिताचे शब्द प्रथमच इंग्रजीत ऐकत असेल. पहिले सहा महिने ती गप्प होईल, गुण पडतील, आणि घरात सगळे म्हणतील की धर्म वेगळा म्हणून तिला एकटं पडल्यासारखं होतंय. तसं नसेल. तिला "डिनॉमिनेटर" कळत नसेल. तिला छेद माहीत आहे, अपूर्णांक येतात, फक्त शब्द नवा आहे. या सुट्टीत तिच्यासोबत बसून चौथीच्या गणिताच्या पुस्तकात प्रत्येक मराठी शब्दाच्या बाजूला इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून काढा. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांच्या आयांनी हे केलं, ती दिवाळीपर्यंत रुळली.

मराठी विषय तिथं दहावीपर्यंत आहे का, तेही विचारा. काही शाळांत फक्त कोकणीचा शिक्षक असतो. आणि शाळा कुणाची आहे तेही बघा. धर्मप्रांताची असेल तर मॅनेजर बहुधा त्या इगर्जीचा पाद्री असतो, तो बदलला की शाळेची हवाही थोडी बदलते. सिस्टरांच्या, किंवा जेझुइट, सालेशियन अशा धर्मसंघांच्या फादरांच्या शाळांची रीत जास्त ठरलेली असते. पणजीच्या डॉन बॉस्कोसारख्या सालेशियन शाळांत मुलांसोबत मैदानावर असणं हा तर त्यांच्या शिक्षणपद्धतीचाच भाग, त्यांच्या संघाचे संस्थापक जॉन बॉस्को यांच्यापासून चालत आलेला.

प्रवेशाचा अर्ज आणायला पहिल्या शुक्रवारी जा, शाळा भरल्यावर अर्ध्या तासानं. मीस असेल तर मैदान रिकामं असेल. ऑफिसात जायच्या आधी व्हरांड्यातून पाचवीच्या वर्गापर्यंत चालत जा, मुलीलाही बरोबर न्या, आणि खिडकीतून बघा. उरलेली मुलं खाली माना घालून चित्रं रंगवत असतील, तर हेडमास्तरांना त्याबद्दल विचारा आणि उत्तर नीट ऐका. एखादं पोर टेबलामागे उभं राहून काही सांगत असेल, तर सरळ अर्ज भरा. मराठीच्या टीचरना मात्र भेटल्याशिवाय परत येऊ नका, त्यांना सांगून ठेवा की मुलीला गोष्टी सांगायला आवडतात, किंवा गाणं, किंवा जे काही तिचं असेल ते.