कापडी पॅड मुंबईत चालतात, पण वाळत कुठे घालणार ते आधी बघ

तू विचारलंयस की परळला पीजी म्हणून राहतेस, ऑफिस अंधेरीला, दहा-अकरा तास बाहेर, तर पाळीसाठी घरी शिवलेले कापडी पॅड चालतील का की सरळ मेन्स्ट्रुअल कप (पाळीत आत बसवायचा, रक्त साठवणारा छोटा मऊ कप) घेऊ, आणि मैत्रीण म्हणते कापड म्हणजे घाण, इन्फेक्शन होतं. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. वयाने बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय.

कापडाने काही होत नाही गं, नीट न वाळलेल्या कापडाने होतं, आणि ते वाळत नाही कारण आपण ते लपवून वाळत घालतो. हे मी भोगलंय.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा आम्ही लालबागला चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. माझी पाळी नेमकी त्याच आठवड्यात, आणि आमच्या खालच्या केमिस्टकडे पॅडच नाहीत. पॅड आवश्यक वस्तूंमध्ये येतात हे केंद्राला २९ मार्चला वेगळं पत्र काढून सांगावं लागलं, यावरून काय ते समज. सासूबाईंनी ट्रंकेतून जुनी सुती साडी काढून दिली. नुसती घडी ठेवली तर सरकते, चालताना सगळं लक्ष तिथेच, म्हणून मशीनवर बसले. वरखाली साडीचं मऊ कापड, मध्ये जुन्या टर्किश टॉवेलचे दोन थर, दोन्ही बाजूंना पंख आणि पंखांना टिचबटण. एका दुपारी सहा झाले. विकतच्या पॅडच्या कडेने मांडीला जे घासून लाल व्हायचं ते त्या महिन्यात पहिल्यांदा झालं नाही.

मग मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "गॅलरीतल्या दोरीवर असलं काही दिसता कामा नये हं, बाप्यामाणसं ये-जा करतात." लग्नाला बारा वर्षं झाली होती माझ्या, तरी ऐकलं. पोटमाळ्यावर ट्रंकेच्या मागे सुतळी बांधली आणि पॅडवर परकर टाकून झाकायचे. एप्रिल-मे उन्हाळा होता, निभावलं. जुलैत दोन दिवसांनी हात लावला तरी शिवणीपाशी गार लागायचं, कुबट वास यायचा, आणि मी ते तसंच वापरलं कारण दुसरं वाळलेलं नव्हतं. खाज, पुरळ, बसता येईना. डॉक्टरबाईंनी कापडाला नावं ठेवली नाहीत, फक्त विचारलं, वाळत कुठे घालता?

त्या महिन्यापासून मी ते गॅलरीत, भर दोरीवर, चिमटे लावून. जाऊबाई पंधरा दिवस बोलल्या नाहीत. त्याच दोरीवर भाऊजींच्या चड्ड्या-बनियनी रोज वाळायच्या त्या चालल्या, आणि माझं धुतलेलं स्वच्छ कापड तेवढं लाजिरवाणं? मी आजही म्हणते, चूक त्यांची होती.

आता तुझं. आधी थंड पाण्यात भिजव, गरम पाण्याने डाग पक्का बसतो, मग साधा साबण, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, कापड शोषेनासं होतं. फिका डाग राहिला तरी घाबरू नकोस. पावसाळ्यात कोरड्या टॉवेलात गुंडाळून पाणी काढ, फॅनखाली टाक, वाळलं की वरून इस्त्री. लोकलमध्ये काही अडचण येत नाही, बदललेलं पॅड आतल्या बाजूने दुमडून बटण लाव आणि चेनच्या वॉटरप्रूफ पिशवीत टाक, घरी आल्या आल्या भिजव. पण अकरा तासांत दोनदा तरी बदलावं लागेल, म्हणून ऑफिसच्या दिवशी कप सोयीचा. जास्तीत जास्त बारा तास राहतो, म्हणजे सकाळी घरी बसवायचा आणि रात्री घरीच काढायचा. केरळात आलप्पुळ्याला २०१९ मध्ये पाच हजार बायकांना कप वाटले होते, त्यामुळे आपल्या बायकांना ते जमत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. प्रत्येक पाळीनंतर पाच मिनिटं उकळायचा, त्यासाठी पातेलं वेगळं ठेव. मी आता बाहेर कप, घरी आणि रात्री कापड असं करते.

हो, आणि तांबी बसवलेली असेल तर कप घेण्याआधी डॉक्टरांना विचार, काढताना ती ओढली जाऊ शकते. कापड सुतीच हवं, टेरिकॉट-नायलॉन नको. शिवायचं नसेल तर विकतचे घे, पुन्हा वापरायच्या पॅडसाठी २०२१ पासून भारतीय मानक आहे. आणि आजीच्या काळातलं म्हणून जे कापडाचे गोडवे गातात त्यांच्याशीही माझं पटत नाही. सासूबाईंनी तीस वर्षं ओलसर कापड वापरलं ते आवडीने नाही.

आधी दोनच शिवून बघ. आणि तुमच्या पीजीत दोरी कुठे आहे, त्यावर ऊन येतं का, ते बघून मालकीणबाईंना पहिल्याच दिवशी तोंडावर सांग की मी पाळीचं कापड इथे वाळत घालणार आहे. मी चार महिने ट्रंकेमागे घालवले, तू नको घालवूस.