घरी बाळाचे फोटो काढायला प्रॉप्सचा सेट मागवावा का?

तुमचं बाळ दोन महिन्यांचं आहे, दर महिन्याला घरीच फोटो काढायचाय आणि त्यासाठी ऑनलाइन मिळणारा सेट घ्यावा का, असं विचारलंय. माझ्या मते घेऊ नका. आम्ही घेतला होता. लाकडी चंद्र, लोकरीची टोपी, खोटी फुलं. टोपी डोक्यावर टेकताच लेकीने भोकाड पसरलं, आणि चंद्र तेव्हापासून माळ्यावर आहे.

कामाला आली ती माझ्या आईने शिवलेली गोधडी. जुन्या सुती साड्यांची, मधोमध एक हिरवं ठिगळ. दर महिन्याच्या सात तारखेला लेकीला तिच्यावर झोपवायचं, डोकं दरवेळी त्याच लाल पट्टीला लावून, आणि वरून फोटो. पहिल्या महिन्यात तिचे पाय त्या ठिगळापर्यंत पोचतही नव्हते. सहाव्यात टाचा ठिगळाच्या पार गेल्या. चंद्राने हे दाखवलं नसतं. नवव्या महिन्यात ती गोधडीवर थांबेचना, मग रांगत पळतानाचाच फोटो ठेवला.

गोधडी खिडकीजवळ अंथरा आणि बाळाचं डोकं खिडकीच्या बाजूला करा. पाय खिडकीकडे असले की उजेड हनुवटीखालून येतो आणि चेहरा भुतासारखा दिसतो. फ्लॅश बंद. बाळाच्या वर फोन धरताना त्याची दोरी मनगटात अडकवाच, हात घामेजतो.

डाळ-तांदळाने किंवा राजम्याने महिन्याचा आकडा लिहायची टूम आहे ना, ती चौथ्या महिन्यानंतर सोडून द्या. आम्ही ‘५’ राजम्याचा केला होता. फोटो झाल्यावर बायकोने लेकीची मूठ उघडली तर आत एक दाणा. तो तोंडात जायला कितीसा वेळ लागतो! पुढचे आकडे जुन्या ब्लाउजपीसमधून कापले.

हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन झोपलेल्या तान्ह्या बाळाचे जे फोटो दिसतात, ते घरी करून बघू नका. त्यात कुणीतरी बाळाचं डोकं आणि हात धरलेले असतात आणि दोन फोटो जोडून धरणाऱ्याचे हात पुसलेले असतात. टोपलीत ठेवायचंच असेल तर टोपली जमिनीवर, आणि एक माणूस हाताच्या अंतरावर.

बोरन्हाणाचे फोटो मात्र जरूर काढा, ते प्रॉप्स तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहेत. फक्त काळ्या झबल्यावर पांढरे हलव्याचे दागिने म्हणजे फोनची पंचाईत. तो काळा रंग बघून सगळंच उजळ करतो आणि हलव्याचा काटा पार नाहीसा होतो. स्क्रीनवर हलव्यावर बोट टेकवा आणि उजेड थोडा खाली ओढा. फोटो झाले की दागिने लगेच उतरवा, कारण मुलं ते चाखतातच आणि हलवा सुटून घशात अडकू शकतो.

वाळे-बिंदल्या घालणार असाल तर कड्यांवरून आधी बोट फिरवून बघा. आमच्या एका वाळ्याची कडी गोधडीच्या टाक्यात अडकली होती, त्यामुळे तिसऱ्या महिन्याच्या निम्म्या फोटोंत माझा हात आलाय.