भोंग्याची वाट पाहू नका : 2018 च्या इंडोनेशियाविषयी वाचकांचे प्रश्न

बालीशेजारचं लोम्बोक बेट, सुलावेसी बेटावरचं पालू शहर आणि जावा-सुमात्रामधल्या सुंदा सामुद्रधुनीतला क्राकाताऊ ज्वालामुखी. 2018 साली जुलैअखेर ते डिसेंबर या पाच महिन्यांत इंडोनेशियाला तीन वेगळ्या ठिकाणी तीन वेगळ्या कारणांनी तडाखे बसले. बालीच्या सहली ठरू लागल्या की त्या वर्षाबद्दल पत्रं येऊ लागतात, आणि बहुतेक पत्रांत या तिन्हींची खिचडी झालेली असते. वारंवार येणारे काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : त्या वर्षी तिथे त्सुनामी एकदा आली की दोनदा?

जीवघेणी दोनदा : 28 सप्टेंबरला पालूच्या आखातात आणि 22 डिसेंबरला सुंदा सामुद्रधुनीत. लोम्बोकच्या 5 ऑगस्टच्या भूकंपानंतर इशारा निघाला होता, पण लाटा वीतभरच होत्या.

प्रश्न : लोम्बोकचा पहिला भूकंप हा 'पूर्वधक्का' होता असं वाचलं. मग लोकांना आधीच का हलवलं नाही?

कारण पूर्वधक्का हे नाव मोठा धक्का बसून गेल्यावरच देता येतं. 29 जुलैला 6.4 चा भूकंप झाला तेव्हा तोच मुख्य होता. 5 ऑगस्टला 6.9 चा झाला आणि आधीचा पूर्वधक्का ठरला. 19 ऑगस्टला, जकार्तात एशियाडचं उद्घाटन होऊन एक दिवस झालेला असताना, पुन्हा 6.9 चा झाला. तिन्ही मिळून 500 हून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक 5 ऑगस्टला.

पहिल्या धक्क्यात विटांच्या भिंतींना तडे गेले आणि पुढच्या धक्क्यात त्याच भिंती कोसळल्या. म्हणून धक्क्यानंतर घरात परत जाण्याआधी भिंत बघा. प्लास्टरवरचा केसासारखा तडा वेगळा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारा तडा वेगळा. दार चौकटीत अडकायला लागलं असेल किंवा तुळई भिंतीवरून सरकली असेल तर आत झोपू नका. गवंड्याला बोलावून तड्यात सिमेंट भरून घेणं म्हणजे तडा फक्त झाकणं. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, मग दुरुस्ती.

किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप 6.2 चा होता, म्हणजे लोम्बोकपेक्षा लहान, तरी जवळपास 10,000 माणसं दगावली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, हे त्याचं मोठं कारण. नवं घर बांधताना जोतं, लिंटेल (दार-खिडक्यांच्या वर) आणि छत या तिन्ही पातळ्यांवर काँक्रीटचा सलग पट्टा हवा. दोन सळयांचा असेल तर त्याची जाडी किमान 75 मिमी. सगळ्यात जास्त चूक कोपऱ्यात होते : सळई तिथेच तोडतात. ती कोपऱ्यातून वळून पुढच्या भिंतीत जायला हवी, नाहीतर दोन भिंती एकमेकींपासून सुटतात.

प्रश्न : मोठ्या भूकंपाची तारीख सांगणारे मेसेज येतात. तीन दिवस आधी सूचना देणारं एक सशुल्क ॲपही आहे. घ्यावं का?

नाही. भूकंपाची तारीख, जागा आणि तीव्रता आधी सांगण्याची पद्धत जगात कुणाकडेही नाही. भूकंप सुरू झाल्यावर दूरच्या शहराला काही सेकंद आधी कळवणाऱ्या यंत्रणा आहेत, आणि ही ॲपवाली मंडळी त्यांचंच नाव घेऊन पैसे काढतात. इंडोनेशियाच्या आपत्ती निवारण संस्थेचे प्रवक्ते सुतोपो पुर्वो नुग्रोहो त्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाशी झुंजत असतानाही रोज अशा अफवा खोडून काढत होते. खरा आकडा सांगणाऱ्या माणसाचा वेळ अफवा कसा खातात, हे त्यांच्याकडे पाहून कळत होतं. मेसेज पुढे पाठवू नका.

प्रश्न : आम्ही मुलांसह समुद्रकाठच्या हॉटेलात उतरणार आहोत. एजंट म्हणतो, 'अलर्ट सिस्टिम आहे, भोंगा वाजला की निघायचं.' मग पालूत भोंगे असूनही एवढी माणसं कशी गेली?

एजंटचं हे वाक्य विसरा. या एका समजुतीने माणसं मरतात, म्हणून उत्तर लांबणार आहे.

पालूत 28 सप्टेंबरला दुपारी तीनच्या सुमारास 6.1 चा धक्का बसला. संध्याकाळी 6 वाजून 2 मिनिटांनी 7.5 चा मुख्य भूकंप झाला. पालू-कोरो भ्रंशावर, म्हणजे जमिनीतल्या खोल भेगेवर, जमीन फाटत गेली ती सेकंदाला सुमारे 4 किलोमीटर वेगाने. तिथल्या हवामान आणि भूभौतिकी संस्थेने, म्हणजे बीएमकेजीने, साधारण पाच मिनिटांत इशारा काढला. इशाऱ्यासाठी हा वेग वाईट नाही. पण तेवढ्याच वेळात पहिली लाट आखातात पोचत होती. वीज गेली होती, मोबाइल टॉवर बंद पडले होते, आणि शहराचा उत्सव असल्याने किनाऱ्यावर गर्दी होती. जवळचा चालू भरतीमापक मामुजूला, आखाताच्या बाहेर. त्यावर फक्त 6 सेंमी वाढ दिसली. इशारा साधारण अर्ध्या तासाने मागे घेतला तोवर लाटा येऊन गेल्या होत्या. मृत आणि बेपत्ता मिळून 4,300 हून अधिक.

गोंधळ इथे आहे : इशारा यंत्रणा दूरच्या त्सुनामीसाठी उत्तम चालते. 4,000 मीटर खोल समुद्रात लाट ताशी सुमारे 700 किलोमीटरने जाते, तरी हजार किलोमीटरवरच्या किनाऱ्याला तासाहून जास्त वेळ मिळतो. भूकंप तुमच्या पायाखालीच झाला असेल, तर मोजमाप, निर्णय, प्रसारण आणि भोंगा या साखळीला लागणारा वेळच तुमच्याकडे नसतो. अशा वेळी बसलेला हादरा हाच भोंगा.

इंडोनेशियात यासाठी 20-20-20 हा नियम शिकवतात. हादरा 20 सेकंद टिकला तर 20 मिनिटांच्या आत किमान 20 मीटर उंचीवर पोचायचं. पालूने दाखवलं की 20 मिनिटंही मिळतीलच असं नाही, म्हणून हादरा थांबला की लगेच निघा.

हॉटेलात पोचल्याच्या दिवशी, सामान उघडण्याआधी, उंच जागा कुठे आहे ते विचारा आणि मुलांसह एकदा पायी चालून जा. घड्याळ लावा. दहा मिनिटांत पोचता येत नसेल तर जवळची भक्कम आरसीसी इमारत हेरा, तिसरा मजला किंवा त्याहून वर. रात्री पलंगाशेजारी चपला आणि टॉर्च ठेवा, कारण फुटलेल्या काचांवरून अनवाणी कुणी पळू शकत नाही. हादरा चालू असताना डोकं सांभाळा, मोठ्याने वीस आकडे मोजा. नंतर गाडी काढू नका, रस्ते तुंबतात. पासपोर्टसाठी मागे फिरू नका. समुद्र मागे हटतो का हे पाहायला थांबू नका, दर वेळी तो आधी हटतोच असं नाही. पहिली लाट ओसरली की माणसं खाली उतरतात आणि दुसरीत सापडतात. अधिकाऱ्यांनी सांगेपर्यंत वरच थांबा.

सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर 1907 च्या लाटेची आठवण 'स्मोंग' या शब्दात जपली गेली होती. 2004 च्या त्सुनामीच्या वेळी तिथे भोंगा नव्हता. हादरा थांबताच माणसं 'स्मोंग' ओरडत डोंगरावर गेली. सुमारे 78,000 वस्तीत 7 मृत्यू झाले.

हॉटेलच्या व्यवस्थापकाकडे सुटकेच्या वाटेचा नकाशा लेखी मागा. नकाशा नसेल तर दुसरं हॉटेल घ्या आणि स्थानिक आपत्ती कार्यालयाला विचारा.

प्रश्न : क्राकाताऊच्या वेळी तर हादराच बसला नव्हता. मग कळणार कसं?

हा बरोबर नेमका अपवाद आहे. अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा नैऋत्येकडचा उतार 22 डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास समुद्रात घसरला. अर्ध्या तासाच्या आत लाटा जावा आणि सुमात्राच्या किनाऱ्यावर होत्या. चारशेहून अधिक मृत्यू. यंत्रणा भूकंपावर बेतलेली होती, त्यामुळे इशारा निघालाच नाही. पौर्णिमेची रात्र होती, म्हणून सुरुवातीला ही भरती असल्याचंही सांगितलं गेलं आणि नंतर ते मागे घ्यावं लागलं. समुद्रातले त्सुनामी मापणारे तरंगते बोये 2012 पासून बंद होते. ज्वालामुखीचा माथा 338 मीटरवरून 110 मीटरवर आला.

धुमसणाऱ्या सागरी ज्वालामुखीसमोरच्या किनाऱ्यावर रात्री मुक्काम करू नका, एवढाच उपाय आहे. होडीवाल्याच्या 'रोजच धूर येतो' या शब्दावर जाऊ नका. तिथे धोक्याच्या चार पायऱ्या आहेत : नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. त्या दिवशी दुसरीच लागू होती. सध्या कोणती आहे, हे निघायच्या दिवशी तिथल्या ज्वालामुखी केंद्राकडून तपासा.

प्रश्न : पालूतली घरं जमिनीसकट वाहत गेल्याचा व्हिडिओ खरा आहे का? कोकणात भरावाची जागा घेतो आहोत.

खरा आहे. बालारोआ, पेतोबो आणि जोनो ओगे इथे ते झालं. ओल्या सैल वाळूचे कण हादऱ्याने एकमेकांपासून सुटतात, वजन पाण्यावर येतं आणि जमीन दाट चिखलासारखी वाहते. याला द्रवीकरण म्हणतात. उतार जेमतेम काही अंशांचा होता. पेतोबो आणि जोनो ओगेच्या वरच्या बाजूने भातशेतीचा गुंबासा कालवा जातो. त्याच्या पाझराने भूजल वर आलं होतं, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

भरावाच्या जागेसाठी तुमच्याच प्लॉटमध्ये बोअर घेऊन चाचणी करा. ठरावीक वजनाचे किती ठोके दिल्यावर नळी 30 सेंमी खाली जाते, ते दर दीड मीटरला मोजतात. सैल वाळू आणि वर आलेलं पाणी एकत्र दिसलं तर धोका. भूजल पावसाळ्याअखेरचं धरा. मे महिन्यातली चाचणी फसवते. विकणारे शेजारच्या प्लॉटचा अहवाल झेरॉक्स करून देतात, तो घेऊ नका. अहवाल भूतंत्र (जमिनीची ताकद तपासणाऱ्या) सल्लागाराला दाखवल्याशिवाय विसार देऊ नका.

प्रश्न : 29 ऑक्टोबरचा लायन एअरचा विमान अपघात याच नैसर्गिक आपत्तींशी जोडलेला होता का?

नाही.

प्रश्न : आमच्या कोकणात हे होऊ शकतं का?

28 नोव्हेंबर 1945 ला मकरान किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला आणि लाटा मुंबईपर्यंत आल्या. म्हणजे शक्यता आहे. पण तो उगम दूरचा आहे, त्यामुळे इथे काही तास मिळतात आणि हैदराबादच्या इन्कॉईस या सागरी माहिती केंद्राचा इशारा उपयोगी पडतो. इशारा आला तर होड्या बघायला बंदरावर जाऊ नका. गावाची उंच जागा आणि तिथे जाणारी वाट ठरलेली आहे का, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात लेखी विचारा. उत्तराला महिना लागत असेल तर ग्रामसभेत विषय घ्या.